भांडण असल्याचा दाखला

चष्मेवाले आणि मास्तर यांच्या घरांमधले लाकडी कुंपण एका मंगळवारी दुपारी, कुणीही हात न लावता, आपणहून आडवे झाले. जीवितहानी झाली नाही. मास्तरांच्या बाजूच्या दोन कुंड्या फुटल्या आणि चष्मेवाल्यांचा वाळत घातलेला एक शर्ट फळ्यांखाली सापडला, एवढेच. दोघेही बाहेर आले, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिले, आणि मास्तर म्हणाले, "अर्धा खर्च तुझा, अर्धा माझा." चष्मेवाले म्हणाले, "आणखी काय." इतक्यावर प्रकरण मिटले. पुढे जे झाले ते मिटलेले प्रकरण मिटवताना झाले.

चष्मेवाल्यांचे बाजारात चष्म्यांचे दुकान होते. बायको गेल्यापासून त्यांचे रात्रीचे जेवण कुंपणावरून येत असे. मास्तरांची बायको, म्हणजे चष्मेवाल्यांची वहिनी, भाजीची वाटी फळीवर ठेवून "भावजी, वाटी" एवढेच म्हणे. वाटी परत देताना चष्मेवाले भाजीला नावे ठेवत, आणि मास्तर बुद्धिबळाचा पट मांडत. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या मास्तरांना हरणे सोसत नसे, आणि मास्तरांना हरवण्याखेरीज चष्मेवाल्यांच्या दिवसात वाट बघण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. कुंपण पडल्याने या व्यवस्थेचे काही बिघडले नाही. पण उघड्यावर कपडे वाळत घालायला बरे वाटत नाही असे वहिनी म्हणाल्या, म्हणून सुताराला बोलावणे गेले.

सुताराने एक फळी उचलली, उलटीपालटी केली आणि विचारले, "वाटणीचा हुकूम आहे ना?"

"कसला हुकूम? आम्ही ठरवलंय. अर्धं अर्धं."

"ठरवून चालत नाही, काका. सामाईक कुंपणाला सीमाखर्च कार्यालयाचा हुकूम लागतो. मागे दोन भावांच्या शब्दावर काम केलं, तर माझी करवत जप्त झाली. साहेबांच्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून."

तेव्हा दोघे धुतलेले कपडे घालून सीमाखर्च निवारण कार्यालयात गेले. खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या.

"वाद काय आहे?"

"वाद नाही," मास्तर जरा अभिमानानेच म्हणाले. "खर्च निम्मा निम्मा करायचाय. तसा हुकूम द्या."

बाईंनी पेन खाली ठेवले. "आजोबा, हुकूम म्हणजे वादाचा निकाल. वादच नाही, तर निकाल कशाचा देऊ?"

"मग ज्यांचा वाद नाही त्यांनी कुठे जायचं?"

"घरी."

"घरीच तर कुंपण नाही," चष्मेवाले म्हणाले.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि आवाज खाली आणला. "तुम्हीही निम्मं म्हणता, हेही निम्मं म्हणतात. यात संगनमत दिसतं. मी अजून काही लिहिलेलं नाही, पण जपून बोला."

दोघे जिन्याखालच्या बाकावर येऊन बसले. इतकी वर्षे शेजारी राहून भांडणाचा एकही विषय हाताशी नसावा, याची त्यांना थोडी लाजच वाटली. शेवटी मास्तरांनी वाटाघाटी केल्या. "तू म्हण, माझ्या वेलाच्या भाराने कुंपण पडलं. मी म्हणतो, तू येताजाता त्याला टेकतोस म्हणून पडलं."

"टेकतो मी, हे खरंय," चष्मेवाले म्हणाले.

"मग जरा रागाने नाकार."

अर्ज गेला, आणि आठवड्यात परत आला. कार्यालयाच्या नियमांत वादाचे पाच दर्जे होते: कुरबूर, धुसफूस, वाद, भांडण आणि वैर. प्रस्तुत अर्ज 'कुरबूर' या दर्जात बसत असून हुकुमासाठी किमान 'भांडण' आवश्यक असल्याचे अर्जदारांना कळवण्यात आले होते. तरीही पक्षकारांचे म्हणणे खोटे ठरू नये म्हणून कार्यालय स्वतः स्थळपाहणी करणार होते.

निरीक्षक हा अतिशय नम्र तरुण होता. तो नेमका जेवणाच्या वेळी आला. पडलेल्या फळ्यांवरून वहिनी अलीकडे येत होत्या, चष्मेवाले दोन्ही हात पुढे करून उभे होते, आणि मास्तर मागून ओरडून सांगत होते की आज मीठ कमी आहे. निरीक्षकाने टेपने अंतर मोजले आणि शेरा लिहिला: 'पाहणीच्या वेळी पक्षकारांमध्ये वाटी आढळली. वाटी कोमट होती.'

"काका, असं करू नका," तो कळवळून म्हणाला. "खोट्या वादाला दोन्ही घरांचं पाणी तोडायची तरतूद आहे. एक महिना बोलणं बंद ठेवा, देणंघेणं बंद ठेवा. मी पुन्हा येतो. तेव्हा मला दोन शब्द ऐकवा, म्हणजे मलाही वर काही दाखवता येईल."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "एका कागदासाठी माणसाला उपाशी ठेवायचं का?"

"महिन्याचाच तर प्रश्न आहे," मास्तर म्हणाले. सरकारी कामात आपण कधी नापास झालेलो नाही, असे त्यांचे मत होते.

चष्मेवाले महिनाभर पाव आणि उकडलेली अंडी खात राहिले. पट बंद झाला. संध्याकाळी दोघे आपापल्या अंगणात खुर्ची टाकून एकमेकांकडे पाठ करून बसत, आणि एकाला खोकला आला की दुसऱ्याचे डोके अर्धे वळून पुन्हा जागेवर येई. चष्मेवाल्यांना मास्तरांची आठवण येत असे, आणि दहा पावलांवरच्या माणसाची आठवण येण्याचा त्यांना संताप येत असे.

पाहणीच्या आदल्या दिवशी मास्तर डोळे तपासून घेण्याच्या निमित्ताने दुकानात शिरले. चष्मेवाल्यांनी दार आतून लावले, आणि तपासणीच्या खुर्चीत बसून मास्तरांनी भांडणाचा धडा घ्यायला सुरुवात केली.

"खरं असेल ते काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "खोटं मनाला लागत नाही. तू मला चोर म्हण."

"चोरलंस काय?"

"काहीही. तुझी अंडी."

"अंडेचोर," चष्मेवाले म्हणाले. दोघे इतके हसले की चष्मेवाल्यांनी काचा पुसायचे फडके मास्तरांना डोळे पुसायला दिले. महिन्यातला तो एकच चांगला तास होता.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक फाटकापाशी उभा राहिला. भिंतीआडून चार शेजारीही माना काढून बघत होते. चष्मेवाल्यांनी मास्तरांना अंडेचोर म्हटले. मास्तरांनी चष्मेवाल्यांना लफंगा म्हटले. पुढे दोघांनी एकमेकांची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. निरीक्षक पेन हातात धरून ऐकत होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता.

"पाठ केल्यासारखं वाटतं हो," तो म्हणाला. "जीव नाही यात. फार तर धुसफूस देता येईल. मग पाण्याचं मात्र माझ्या हातात नाही."

कमी गुण पडताहेत म्हटल्यावर मास्तरांना राहवले नाही. त्यांनी बोट रोखले. "याला विचारा, याची बायको आत शेवटचे श्वास मोजत होती तेव्हा हा कुठे होता. दुकानात. गिऱ्हाईकाला फ्रेमी दाखवत होता."

हे खरे होते. ही गोष्ट चष्मेवाल्यांनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, आणि तो माणूस बोट रोखून समोर उभा होता. त्यांचे कान तापले. आपण काय बोलतो आहोत हे कळत असताना ते बोलले.

"आणि याची मुलगी हा घरात नसतानाच आईला फोन करते. याने उचलला तर ठेवून देते. वहिनींनीच रडत सांगितलंय मला. बापाचं तोंड नको झालंय तिला."

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या वळून आत गेल्या. निरीक्षकाचा चेहरा मात्र पहिल्यांदाच उजळला, आणि त्याने भराभर लिहायला घेतले.

"बघा," तो म्हणाला, "मनात आणलं की जमतं."

प्रकरणाला थेट 'वैर' हा दर्जा मिळाला. त्या परिसरात इतक्या वरच्या दर्जाचे प्रकरण पूर्वी झाले नव्हते. वैराच्या बाबतीत पक्षकारांवर खर्चाचा बोजा टाकणे योग्य नसल्याने बांधकाम कार्यालयानेच विनामूल्य करून दिले, आणि लाकूड पुरेसे नसल्याने पुरुषभर उंचीची पक्की भिंत घातली. साहेबांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, टाळ्या वाजल्या. चष्मेवाले आणि मास्तर यांना सुरक्षेच्या कारणावरून वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे केले होते. दोघांनाही एकेक गुलाबाचे फूल मिळाले.

आठवड्याने चष्मेवाले एकटेच कार्यालयात गेले.

"समेट करायचाय," ते खिडकीशी म्हणाले.

"छान," बाई म्हणाल्या. "दोघं मिळून या."

"दोघं कसे येणार? तो माझ्याशी बोलत नाही."

"आणि बोलत असते तरी वैर दर्जाच्या पक्षकारांना इथे एकत्र यायला मनाई आहे. मारामारी होते." त्यांना चष्मेवाल्यांची खरोखरच कीव आली. "तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं, काका. वाद नसताना आला असतात तर काहीतरी करता आलं असतं."

त्या संध्याकाळी चष्मेवाले भिंतीपाशी गेले. पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. माफी मागायची म्हणून ते आले होते, शब्दही जुळवून आणले होते. पण गिलावा इतका गुळगुळीत होता की कशाला उद्देशून बोलावे ते कळेना.

"मास्तर," ते म्हणाले.



"आपण काही म्हणालात का?" मास्तरांचा आवाज आला.

आयुष्यभर ज्याला 'तू' म्हटले आणि ज्याचे 'तू' ऐकले, त्याच्या तोंडून 'आपण' ऐकल्यावर चष्मेवाले एक पाऊल मागे सरले. "नाही," ते म्हणाले.

"बरं," मास्तर म्हणाले, आणि खुर्ची आत गेल्याचा आवाज आला.

फुकटात पक्की भिंत मिळते, ही बातमी चार दिवसांत सगळीकडे झाली. आळीतल्या प्रत्येक घराने शेजाऱ्याची खरीखुरी गुपिते काढून अर्ज केले, आणि निरीक्षकाला बढती मिळाली. अर्ज इतके झाले की कार्यालयाला पाहणी करणे अशक्य होऊन बसले, म्हणून आता पद्धत सोपी केली आहे. अर्ज, साक्षीदार, शिव्याशाप यांपैकी कशाचीही गरज उरलेली नाही. फक्त एक प्रश्न विचारतात: तुमच्या भिंतीला लागून जो माणूस राहतो, त्याचे नाव काय?

तुम्ही जरा आठवून बघा. आडनाव चालणार नाही, 'ते वरच्या मजल्यावरचे' हेही चालणार नाही. येत नसेल तर ओशाळू नका, कुठे खेपा घालायचीही जरुरी नाही. तुमचे प्रकरण केव्हाच मंजूर झाले आहे, भिंतही बांधून झाली आहे, आणि तिच्यावर रंग कुठला द्यायचा हे तुम्हीच निवडले होते.