राखून ठेवलेलं भांडण

मराठीचं नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. धामणगाव बढ्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात भांडणांना तोटा नव्हता. पण रीतसर मंजूर झालेलं भांडण एकच, गोजरबाई आणि शेजारच्या सुभद्राबाईचं. सुभद्राबाईच्या शेळीनं गोजरबाईचं बेलाचं रोप खाल्लं. गोजरबाई म्हणाली, "शेळी मालकिणीवरच गेली." झालं! आठ दिवस अबोला.

गोजरबाईच्या जिवाला घोर लागला. तिचे सोळा सोमवार पुरे झालेले, येत्या सोमवारी उद्यापन. पहिल्या पानावर सुभद्राबाईच जेवील, असं ती महादेवापुढं बोलून बसली होती. ती जेवली नाही, तर सोळाही उपास पाण्यात. शुक्रवारी कुंकवाचा करंडा घेऊन ती बोलावणं करायला निघाली.

"थांब!" तिचे मालक महादेवराव दारात आडवे झाले. ते शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचे चिटणीस. "रविवारी आमचं शांतता प्रशिक्षण शिबिर हाय. तुमचं भांडण प्रात्यक्षिकाले मंजूर झालं. आजच बोलल्या, तं शिबिरार्थी काय मिटवतीन?"

"अहो, पण माहं उद्यापन..."

"रविवारी शास्त्रशुद्ध मिटते. मंग खुशाल जेवू घाल."

शनिवारी दोन शिबिरार्थी पाहणीला आले. 'कलहाची तीव्रता' या रकान्यात नुसती शेळी चालेना. त्यांनी सुभद्राबाईला विचारलं, "याच्या आधी काही?"

"नाई बा."

"आठवा."

तिनं आठवलं. बारा वर्षांमागं आपल्या घरच्या बारशात गोजरबाईनं तिची ओटी सगळ्यांत शेवटी भरली होती. रकाना भरला, त्याबरोबर सुभद्राबाईचे डोळेही भरले. "आता तिच्या दारचं पाणीबी नको मले!" पलीकडच्या अंगणात गोजरबाईला सगळं ऐकू गेलं. शिबिरार्थींनी 'तीव्र' असं लिहिलं आणि एकमेकांचं अभिनंदन केलं.

रविवारी दोन्ही पक्ष वेळेवर हाताशी असावेत, म्हणून चाळीस पानांचा स्वयंपाकही संघानं त्यांच्याकडेच सोपवला. शाळेच्या पडवीत चूल एक, बाया दोन, तोंडं दोन दिशांना. आत शिबिराच्या पाहुण्यांना हार कोणी घालायचा, यावर संघाचे अध्यक्ष शेषराव आणि उपाध्यक्ष उत्तमराव यांच्यात चर्चा सुरू झाली.

"सातवीत नापास होऊन आमच्या तुकडीत आला तू बे!" शेषराव म्हणाले.

"म्हणूनच दोन्ही तुकड्यांत मी ज्येष्ठ!"

हार तुटला. मग बाक. पाहुणे मलकापूरच्या गाडीची वेळ विचारू लागले.

बाहेर सुभद्राबाईला हसू आवरेना. "बाई, पिठल्यात मीठ टाकलं का?"

"नाई."

"मंग टाक ना! काऊन पाह्यतं?"

गोजरबाईनं मीठ टाकलं आणि खाली बघत म्हणाली, "त्या बारशाले तांदूळ सरले होते वं. आणाले धाडलं होतं. तुही ओटी अर्धी कशी भरू?"

"बारा वर्सं सांगतलं नाई?"

"तू कवा पुसलं?"

सोमवारी पहिल्या पानावर सुभद्राबाई बसली. चुरम्याचा पहिला घास तिच्या तोंडात जातो न जातो, तोच महादेवराव कागद घेऊन आले. "शिबिर पुढं ढकललं. अप्रशिक्षित हातानं मिटलेलं भांडण मिटलं असं धरता येत नाई. चालू हाय म्हणून आंगठे द्या."

दोघींनी तुपाचे आंगठे उठवले आणि पुन्हा पानाकडे वळल्या.

दप्तरात ते भांडण अजून चालू आहे. शेषराव आणि उत्तमराव प्रशिक्षित असल्यामुळे एकमेकांशी बोलत नाहीत. तुमचाही कुणाशी अबोला असेलच. तो कुणाच्या शिबिरासाठी राखून ठेवलाय, तेवढं एकदा बघून घ्या.