वाटण्यास सक्त मनाई

वाहिनीच्या चौथ्या मजल्यावर चोरीप्रतिबंध अधिकारी अकरा वर्षे इमानेइतबारे बसत होते. वाहिनीची मालिका कॉम्प्युटरवर उतरवून एकमेकांना वाटणाऱ्या प्रेक्षकांना नोटिसा धाडणे, हे त्यांचे काम. नोटिसा वाढल्या तशी चोरीही वाढली आणि खात्याची भरभराट झाली.

एका सोमवारी संचालकांनी त्यांना बोलावले.

"मालिका लोकांपर्यंत पोहोचवायला आपण खोलीभर यंत्रं पोसतो. चोर तेच काम फुकट करतात, वर आपल्याआधी करतात. मग शहाणं कोण?"

प्रश्न वरिष्ठांचा असल्याने अधिकाऱ्यांनी तो वहीत उतरवून घेतला.

"यापुढे आपणच वाटायचं. एकानं आपल्याकडून घ्यायचं, त्यानं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आजपासून तुम्ही वाटप अधिकारी."

दुपारपर्यंत दारावरची पाटी बदलली. अकरा वर्षे ज्यांना चोर म्हटले, त्यांना अधिकाऱ्यांनी 'सन्माननीय सहकारी' असे लिहून निमंत्रणे पाठवली. त्या दिवशी त्यांना डबा खाववला नाही.

योजना सुरू झाली. लाखो लोकांनी मालिका उतरवून घेतली आणि लगेच कॉम्प्युटर बंद केले. पुढे देण्याच्या नावाने शंख! एकेक भाग पोहोचायला चार-चार दिवस लागू लागले. चौकशीअंती कळले, की अख्ख्या प्रेक्षकवर्गाला एकच कॉम्प्युटर पुरवठा करतो आहे.

अधिकारी आभार मानायला त्या पत्त्यावर गेले. घर एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचे होते. टेबलफॅन कॉम्प्युटरकडे वळवलेला होता आणि बाई स्वतः वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही एकट्याच का हो देताय?"

"अट क्रमांक चौदा," बाईंनी चष्मा चढवला. "'घेतले तेवढे पुढे द्यावे.' 'मान्य आहे' म्हटलं होतं ना मी."

"तुम्ही अटी वाचल्यात?" अधिकाऱ्यांना गहिवरून आले. अटी त्यांनी स्वतः लिहिल्या होत्या. पण वाचल्या त्यांनीही नव्हत्या. "मग बाकीचे का देत नाहीत? पूर्वी तर चढाओढ असायची."

"पूर्वी मनाई होती. आमच्या वाचनालयातसुद्धा जे पुस्तक कुलपात, त्यालाच मागणी."

अधिकारी तडक कार्यालयात परतले. तासाभरात पत्रक निघाले: 'मालिका इतरांस देण्यास सक्त मनाई आहे.' संध्याकाळपर्यंत मालिका घरोघर पोहोचली. संचालकांना तर त्यांच्या मेव्हण्यानेच पाठवली, 'कुणाला सांगू नका' असे बजावून. संचालकांनी अधिकाऱ्यांची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. सगळे कॉम्प्युटर देत होते, एक सोडून.

"हा कोण असहकार करतोय?" संचालक कडाडले. "नोटीस काढा!"

अधिकाऱ्यांनी आधी फोन लावला.

"बाई, तुमचा कॉम्प्युटर बंद दिसतोय."

"अहो, मनाईचं पत्रक आलं ना! दोनदा वाचलं मी."

"ते... पाळायचं नव्हतं."

"मग लिहिलंत कशाला?"

"लोकांनी मोडावं म्हणून."

"असं होय! मोडते की. फक्त तसा लेखी आदेश पाठवा. सहीशिक्क्यानिशी."

अधिकाऱ्यांनी पेन उघडले, मिटले. तसा आदेश काढायला नियमात जागा नव्हती. नोटीस काढायला होती. नियम पाळून सेवेत अडथळा आणल्याबद्दल बाईंची मालिका कायमची बंद झाली. शेवटचे आठ भाग त्यांनी पाहिलेच नाहीत.

"काय केलंत हो असं?" शेजारीण हळूच विचारायला आली.

"सांगितलं तेच केलं."

"या वयात?" म्हणत शेजारणीने आपल्या घरी जाऊन दार लोटून घेतले.

असे पुन्हा घडू नये म्हणून वाहिनीने अटींत एक कलम वाढवले: 'अटी पाळताना आढळल्यास सेवा खंडित केली जाईल.' एक्क्याऐंशी पानांच्या त्या अटी सर्वांच्या पडद्यावर आल्या. तुमच्याही आल्या होत्या. तुम्हाला त्या मान्य करायला दोन सेकंद लागले.