येसाजी तांडेलाच्या मोटारीचा तळ

मोटार घेऊन दोन पावसाळे झाले, तरी येसाजी तांडेलानं ती खालून कधी बघितली नव्हती. बघायचं कारणही नव्हतं. उतारू मोटारीत वरून बसतात आणि भाडंही वरच्याच भागाचं देतात. पण त्या वैशाखात नीराबाईच्या एका कोंबडीनं मोटारीखाली अंडं घातलं आणि नीराबाईनं नवऱ्याला ते काढायला पाठवलं. (त्याला खरं तर एक काठी पुरली असती. पण कुठल्याही कामात स्वतः शिरल्याशिवाय येसाजीला चैन पडत नसे.)

तो उताणा होऊन आत सरकला, वर बघितलं, आणि मूठभर गंज त्याच्या डोळ्यांत पडला.

"अगो, मोटार खालनं गेली!" तो आतूनच ओरडला.

"अंडं हाय का?" बाहेरून नीराबाईनं विचारलं.

अंडं होतं. येसाजी बाहेर सरकताना ते त्याच्या पाठीखाली आलं.

येसाजी थळचा. उभी हयात मासेमारीच्या मचव्यावर गेलेली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यानं मचवा धाकट्या भावाच्या हवाली केला, मुंबईच्या एका पारशाची जुनी मोटार घेतली आणि रेवसच्या धक्क्यावरून उतारू न्यायला लागला. मोटार हाकायला तो शिकला, पण तिचा विचार मात्र मचव्यासारखाच करी. मोटार वळवताना तो आधी वारा बघायचा. ओहोटी लागली की अलिबागेहून घरी येताना रस्ता सोडून सरळ किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून यायचा, कारण पाण्याच्या कडेनं गेलं की त्याला बरं वाटे. त्याला बरं वाटे, पण खाऱ्या पाण्यानं मोटारीचं पोट खाल्लं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात चौलच्या हरेश्वरपंतांच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव मुंबईचा, बोटीनं रेवसला उतरणार, आणि मांडवापर्यंत मोटारीतूनच येणार, असं वरपक्षानं ठणकावून सांगितलं होतं. ते काम येसाजीला मिळालं होतं. एवढं लग्न नीट पार पडलं की चौल-नागावच्या साऱ्या वाडीवाल्यांची लग्नं आपल्याच मोटारीत, असा त्याचा हिशेब होता. आता नवरदेव भर रस्त्यात बुडातून खाली गळाला तर?

"अलिबागेला सदा मिस्त्री हाय, त्याला दाखवा," नीराबाई म्हणाली.

"सदा पंप दुरुस्त करतो. ह्ये तळाचं काम हाय. तळाचं मला कुनी शिकवू नये."

मचव्यावरचा त्याचा जुना सोबती कोंडाजी याचंही तेच मत पडलं. "तळ तो तळ," कोंडाजी म्हणाला. "लाकडाचा काय नि लोखंडाचा काय. खरवडायचा, चुना नि मुशीचं तेल चोपडायचं. आपला मचवा सडला का कधी?"

मचवा कधी सडला नव्हता. मग तेच ठरलं.

मचव्याचा तळ रंगवायचा तर मचवा कुशीवर कलता करतात. म्हणून मोटारही कुशीवर कलती केली. खाली झावळ्या अंथरल्या, चाकांना दोर बांधले, कोळीवाड्यातले धट्टेकट्टे गडी बोलावले, आणि "हैस्सा" म्हणताच मोटार एखाद्या थकलेल्या बैलासारखी आडवी झाली. लगेच तिच्यातून तऱ्हेतऱ्हेची पाणी वाहायला लागली. एक काळं, एक लालसर, आणि एक ज्याचा वास पेट्रोलसारखा होता, कारण ते पेट्रोल होतं.

"ह्ये काय निघतंय?" येसाजीनं घाबरून विचारलं.

"घान हाय. साचलेली. निघू दे," कोंडाजी म्हणाला. मचव्याच्या तळाशी साचलेलं पाणी उपसायचंच असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग कोयत्यांनी गंज खरवडला. मोठ्या पातेल्यात मुशी माशाचं तेल कढवलं, त्यात चुना घातला आणि पहिला हात दिला. तो वाळल्यावर दुसरा. पातेल्यात तेल उरलं होतं, ते कशाला वाया घालवा म्हणून तिसरा. धुराच्या नळीवर कोंडाजीनं खास जाड थर दिला, कारण ती सगळ्यात जास्त गंजली होती. दुसऱ्या दिवशी मोटारीचं पोट पापलेटासारखं पांढरंशुभ्र चकाकत होतं. ते बघायला सारा वाडा लोटला. मोटार उभी केली तेव्हा बऱ्याच जणांना वाईट वाटलं, कारण आता ते दिसणार नव्हतं.

सांडलेलं सगळं परत भरून, हँडल मारमारून दुपारी ती एकदाची सुरू झाली.

"वास येतो काय गो हिला?" येसाजीनं सावधपणे विचारलं.

नीराबाईच्या एका बाजूला वाळत टांगलेल्या बोंबलांची वलांडी होती, दुसऱ्या बाजूला सुक्या जवळ्याचा ढीग. तिनं नाक वर करून हुंगलं.

"कसला?" ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी झेंडूच्या माळा घातलेली मोटार रेवसच्या धक्क्यावर उभी राहिली. नवरदेवाचं नाव मोरू. सडपातळ, लाजरा, मुंडावळ्यांची पिशवी आत्तापासूनच घट्ट धरून बसलेला. त्याच्याबरोबर त्याचे मामा. मामा देहानं आणि आवाजानं दोघांच्या जागेचे होते. बाकीचं वऱ्हाड बैलगाड्यांतून पहाटेच पुढे गेलं होतं. धक्क्यावर सगळ्यालाच मासळीचा वास होता, तेव्हा कुणाला काही जाणवलं नाही.

इंजिन तापेपर्यंत सारं ठीक होतं.

"तांडेल," चोंढीच्या अलीकडे मामा म्हणाले, "इथे जवळपास कोळीवाडा आहे का?"

"न्हाय जी. भातशेती हाय."

थोड्या वेळानं मामांनी उपरण्याचा बोळा नाकाला लावला. "कोणीतरी मासे तळतंय."

"जेवनाची येळ झाली," येसाजी म्हणाला.

"कोणाची?"

मामांनी सभोवार बघितलं. दोन्ही बाजूंना उघडं खाजण होतं आणि त्यात एक म्हैस उभी होती.

येसाजीला चोंढीपासून सडकून भूक लागली होती. घरून भरपेट जेवून निघालो, मग ही भूक कसली, याचा विचार करता करता अलिबागेच्या वेशीवर त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धुराची नळी तापली होती, आणि तिच्यावरचा कोंडाजीचा खास थर खमंग तळला जात होता.

आता काय करावं? मोटार जोरात हाकली तर वास मागे पडेल, असं त्याला वाटलं. त्यानं मोटार जोरात हाकली. नळी आणखी तापली. अलिबागेत दोन कुत्री मागे लागली. नागावच्या वाड्यांमधून मांजरं कुंपणांवरून उड्या टाकत आली. वर घारी घिरट्या घालायला लागल्या. चौलात शिरताना येसाजीनं मागे वळून बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. वरात मात्र भरगच्च दिसत होती.

मांडवाच्या दारी हरेश्वरपंत पीतांबर नेसून स्वागताला उभे होते. नवरदेव खाली उतरला. पंतांनी त्याला जवळ घेतलं आणि ताडकन सोडून दिलं.

"मामासाहेब, जरा इकडे या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मुलगा मुंबईत खाणावळीत जेवतो म्हणालात. ती खाणावळ कोणाची?"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलाच्या अंगाला मासळीचा वास येतोय!"

"मुलाच्या?" मामांचा आवाज खालचा राहणं शक्यच नव्हतं. "अहो, तुमच्या मुदपाकखान्यात काय शिजतंय ते बघा आधी! चोंढीपासून वास येतोय!"

"चोंढीपर्यंत आमचा मुदपाकखाना पोचला?"

"सोयरीक करायच्या आधी चौकशी करायला हवी होती!"

"तेच मी म्हणतोय! मोरोपंत, खरं सांगा, तुम्ही—"

मोरूनं मान खाली घातली. ती त्यानं लाजेनं घातली होती, पण पंतांना वाटलं कबूल झाला. बायकांत कुजबूज सुरू झाली. आतून रडण्याचा आवाज आला. तो नवरीचा होता.

येसाजी चाकावर हात ठेवून बसला होता. गप्प राहिला असता तर मोटारीवर कुणाचा संशय गेला नसता. सरळ मोटार वळवून थळला निघून जाता आलं असतं. पण तो रडण्याचा आवाज त्याला ऐकवेना. त्याच्याही घरातून एक लेक लग्न होऊन गेली होती.

तो खाली उतरला. "पंत, वास मोटारीचा हाय."

"मोटार पेट्रोल पिते," मामा कडाडले. "मासे खात नाही!"

"खात न्हाय जी. लावलंय. मुशीचं तेल. खालनं."

यावर कोणाचाच विश्वास बसेना. शेवटी हरेश्वरपंत स्वतः पीतांबर खोचून गुडघ्यांवर बसले, एक हात जमिनीला टेकला आणि मोटारीखाली डोकं घातलं. नळीवरून कढत तेलाचा एक थेंब सुटला आणि पंतांच्या टकलावर पडला.

पंत सावकाश बाहेर आले. एका बोक्यानं तेवढ्यात त्यांची टाळू हुंगली.

"मोटारच आहे," ते म्हणाले.

मुहूर्त तोंडावर आला होता. नवरदेव, मामा आणि पंत तिघांनाही विहिरीवर नेऊन शिकेकाईनं खसखसून न्हाऊ घातलं. पाणी ओढायचं काम अर्थात येसाजीकडे आलं. न्हाणं उरकेपर्यंत भटजींनी एकेक मंगलाष्टक रबरासारखं ताणलं. बोका अंतरपाटापर्यंत आला, पण तिथून त्याला हाकललं. लग्न लागलं.

विहिरीवर मात्र एक गोष्ट घडली, ती येसाजीनं पुढे फक्त बायकोला सांगितली. मामा पलीकडे डोळ्यांतली शिकेकाई धुत असताना मोरू हळूच त्याच्या कानाशी लागला.

"तांडेल, बांगडा होता का हो?"

"मुशी."

"अस्सं," नवरदेव म्हणाला आणि एक खोल श्वास घेऊन त्यानं पुढचा तांब्या डोक्यावर ओतला.

त्या दिवसानंतर येसाजीच्या मोटारीत कोणी बसेना. चुना आणि मुशीचं तेल लोखंडात असं मुरलं होतं की खरवडून निघेना. (कोंडाजी म्हणे, "म्हंजे काम चांगलं झालं.") मोटार किनाऱ्यावर नारळीखाली उभी राहिली. पहिल्या पावसाळ्यात टप गेला. मग दारं गेली, आसनं उंदरांनी नेली, बॉनेट वाऱ्यानं उडवलं, आणि वरचं उरलेलं हळूहळू गंजून वाळूत मिसळलं.

काही वर्षांनी म्हसळ्याचा एक व्यापारी चौकशी करत आला. थळात एक जुनी मोटार विकाऊ आहे असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. येसाजीनं त्याला मोठ्या उत्साहानं किनाऱ्यावर नेलं.

"आधी खाली शिरून बघा," तो म्हणाला. "गंजाचा एक ठिपका दाखवा, फुकट न्या."

व्यापारी चिकित्सक होता. तो उताणा होऊन खाली शिरला, बोटानं टकटक केलं, नखानं ओरखडून बघितलं आणि कपडे झटकत बाहेर आला.

"मानलं तुम्हाला, तांडेल! असा तळ मुंबईतसुद्धा बघायला मिळणार नाही." मग त्यानं वर बघितलं. "पण वर काय आहे?"

त्या पांढऱ्या सांगाड्यावर बोंबील पसरत असलेल्या नीराबाईनं हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं.

"वर मोटार व्हती," ती म्हणाली.