डाळिंबाच्या खोक्यावरचा धडा

“दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पंधरा पोरं दाखवा मुलाणी सर, नाहीतर अरबी मंडळ बंद. ती खोली लेझीम पथकाला देऊ,” हेडमास्तर म्हणाले. मंडळात पोरं होती चार.

सरांनी युक्ती काढली. शेळगावच्या दत्तोबांची डाळिंबं शहाण्णव साली पहिल्यांदाच दुबईला निघाली होती. त्यांची मुलगी सुकन्या मंडळात. खोक्यांवर अरबीत ‘गोड डाळिंब, थंड जागी ठेवा’ असं झळकलं, की पोरं आपोआप येतील.

मजकूर सरांनी सुकन्याच्या वहीत लिहून दिला. खो-खोच्या सामन्यांना इंदापूरला निघताना ती सांगून गेली, “आबा, पहिल्या पानावरचं हाय तसं गिरवा.”

दत्तोबांनी वही जन्मभर उघडली तशी उघडली. अरबी वही उलट्या बाजूनं सुरू होते, हे त्यांना कोण सांगणार? त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, पत्र्याचा साचा कापला, दोघांनी दोनशे खोकी रंगवली, गाडी गेली.

सुकन्या परतली. उरलेलं एक खोकं बघून तिनं वही आणून शेजारी धरली.

“आबा, हे शेवटचं पान. संभाषणाचा धडा.”

“काय लिवलंय?”

“‘तुमच्या आईची तब्येत कशी आहे? आज जेवायला काय केलं?’”

“दोनशे येळा?”

“व्हय.”

“चौकशीच केली नव्हं?” प्रयागबाई म्हणाल्या. “शिव्या तर न्हाय दिल्या.”

“माल परत आला तर तुमच्या वर्गात आणून वततो,” असं दत्तोबा सरांना शाळेत जाऊन सांगून आले. ते ऐकून हेडमास्तरांनी लेझिमी कपाटातून बाहेर काढून ठेवल्या.

तीन आठवड्यांनी व्यापाऱ्याचं पत्र आलं, तेही अरबीत. दत्तोबा ते घेऊन भर प्रार्थनेत हजर. सरांनी पत्र सुकन्याच्या हाती दिलं. साऱ्या शाळेपुढं तिनं अडखळत मराठीत सांगितलं,

“‘आई बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. आज मासळी केली होती. इतकी वर्षं माल घेतो, आईची चौकशी कुणी केली नव्हती. पुढचा मालही यांचाच घे, असं तिनंच बजावलंय. तुमच्याकडं काय केलं होतं?’”

शनिवारी मंडळात एकवीस पोरं. हेडमास्तर मोजायला आले, तर मागच्या बाकावर दत्तोबा आणि प्रयागबाई.

“तुम्ही कशाला?”

“इचारलंय तर सांगाय नगं?” प्रयागबाई म्हणाल्या. “लिवा सर. आज आमची संकष्टी, चंद्र दिसल्याबिगर जेवण न्हाय. आन् आईंना म्हणावं, गुडघ्याला तिळाचं त्याल लावा.”

लेझिमी पुन्हा कपाटात गेल्या. सर फळ्याकडं वळले. दत्तोबांनी कोरी वही पुढ्यात ओढली, क्षणभर थांबले, आणि हळूच पालथी करून उघडली.