मास्तरांनी घेतलेलं इंजिनाचं माप

ताईच्या बेकरीमागच्या अंगणात लाकूड फोडायचं यंत्र होतं. त्याचं इंजिन एका सकाळी खोकलं, थोडा काळा धूर सोडला आणि कायमचं गप्प झालं. बाकी यंत्र ठणठणीत होतं. इंजिन पंप फिरवायचं, पंप लोखंडी पाचर पुढे ढकलायचा आणि भलेभले ओंडके तिच्यापुढे दुभंगायचे. ताईची भट्टी त्या लाकडावर चालायची आणि त्या भट्टीतला पाव रोज दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जायचा. पाव वेळेवर आला नाही तर दुसरी बेकरी बघू, असं तिथल्या बाईंनी तोंडावर सांगून टाकलं होतं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कुऱ्हाड घेऊन उभे राहिले खरे, पण त्यांच्या कंबरेचं आणि कुऱ्हाडीचं फारसं जमत नव्हतं.

"नवं इंजिन आणायला हवं. मी जाऊन बघतो," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही नको. कोणी गोड बोललं की तुम्ही काहीही उचलून आणता. मास्तरला बोलावते मी," ताई म्हणाली.

मास्तर म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. धंद्याने शिंपी. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, सख्खी बहीणसुद्धा. इंजिनाशी त्यांचा संबंध शिलाई मशीनच्या मोटारीपुरता होता. पण माप म्हटलं की मास्तर, अशी घरात समजूत होती आणि ती पसरवण्यात मास्तरांचा स्वतःचा वाटा मोठा होता. भाऊजींना खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही, ही दुसरी समजूत. तीही मास्तरांनीच पसरवली होती.

मास्तर गळ्यात टेप अडकवून आले. बंद पडलेल्या इंजिनाभोवती एक फेरी मारली. इंजिनातून बाहेर येणारा जो लोखंडी दांडा पंपाला जोडतात, त्या शाफ्टला त्यांनी टेप गुंडाळला आणि गिऱ्हाइकाच्या कंबरेचा घ्यावा तसा त्याचा घेर घेतला.

"शाफ्ट जुळला की काम झालं. बाकी सगळं वरचं शिवणकाम," ते म्हणाले.

"मास्तर, जुनं इंजिनच सोबत नेऊ या का?" भाऊजींनी विचारलं. "दुकानदार बघूनच देईल."

"माप घेतल्यावर आम्ही गिऱ्हाइकाला दुकानात बसवून ठेवतो का हो, भाऊजी?"

मास्तर हसले. भाऊजीही हसले. आपल्यालाच हसतायत हे कळत असूनही हसायचा त्यांचा स्वभाव होता.

दुकानात लहानमोठी इंजिनं ओळीने मांडली होती. दुकानदाराने शाफ्टचं माप विचारलं, मास्तरांनी घेर सांगितला आणि तिथेच घोटाळा झाला. माणसाला श्वास घेता यावा, हात वर करता यावा, जेवून बसता यावं म्हणून शिंपी मापावर थोडं लूजिंग, म्हणजे जास्तीचा ढिलेपणा, धरतो. मास्तरांच्या हाडात ही सवय इतकी मुरली होती की टेपवर एक आकडा दिसायचा आणि जिभेवर दुसराच यायचा. इंजिनाला जेवून बसायचं नसतं, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. दुकानदाराने हिशोब केला आणि त्या जाडीचा शाफ्ट असलेलं एक दांडगं इंजिन पुढे ओढलं.

"एवढी ताकद लागणारे का तुम्हाला?"

"असू दे. वाढत्या अंगाचं बरं पडतं," मास्तर म्हणाले.

भाऊजींनी ते इंजिन यंत्रावर चढवलं. आता शाफ्ट कपलिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि पंप जोडणाऱ्या लोखंडी नळीत, सरकवायचा होता. तो शिरेना. तेल लावलं तरी शिरेना. हातोडीने ठोकलं तेव्हा शाफ्ट जागेवरच राहिला आणि भाऊजींच्या बोटांची सालं निघाली. टेपवरचा खरा आकडा मास्तरांना आत्ता लख्ख आठवला. चुकलं म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं, पण तेवढ्यात ताई दारात आली.

"काय झालं?"

"अगं, माझंच काहीतरी चुकतंय," भाऊजी बोट चोखत म्हणाले. "माझ्या हातालाच गुण नाही."

"कमाल आहे तुमची! त्याने एवढं चांगलं इंजिन निवडून आणलं आणि तुम्हाला साधं बसवता येईना?"

मास्तरांनी तोंड मिटलं. मिटूनच ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण, "भाऊजी, जरा सरळ धरत जा ना," असंही ते म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांचे कान तापले.

ताईने त्यांच्यासाठी चांगली खुर्ची बाहेर काढली. चहा आला. समोर भाऊजी कुऱ्हाडीने लाकूड फोडत होते, प्रत्येक घावानंतर कंबर धरून थांबत होते आणि मास्तरांनी बघितलं की ओशाळं हसत होते. मास्तरांनी कप तसाच खाली ठेवला. पण खरं सांगण्यापेक्षा गुपचूप दुरुस्त करावं, असं त्यांनी ठरवलं. लाजेत सापडलेल्या माणसाला सुचणारी ही सगळ्यात महागडी युक्ती.

ते कपलिंग पिशवीत घालून लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडे गेले.

"याचं भोक मोठं करून दे."

"किती मोठं?"

मास्तरांनी नव्या शाफ्टचं माप सांगितलं. म्हणजे, त्यांना वाटलं की त्यांनी शाफ्टचं माप सांगितलं. जिभेने आपली सवय सोडली नव्हती.

आता शाफ्ट कपलिंगमध्ये गेला, तो थेट आत जाऊन डुलायलाच लागला. मास्तरांना रडू फुटायचं बाकी राहिलं. भाऊजी कंबरेला शेक घ्यायला घरात गेले होते. मास्तरांनी आपल्या शिंपीकामाच्या दुकानातून बकरम आणलं, कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कापड. त्याच्या पट्ट्या शाफ्टवर घट्ट गुंडाळल्या, कपलिंग चढवलं आणि हाक मारली.

"भाऊजी, बसलं हो! करा सुरू."

इंजिन असं गरजलं की ताईसकट सगळी बेकरी अंगणात आली. पाचर निघाली, डौलात ओंडक्यापर्यंत गेली आणि टेकून उभी राहिली. इंजिन जिवाच्या आकांताने फिरत होतं, पंप मात्र ढिम्म. मग इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा वास आला आणि कपलिंगमधून धूर निघाला. भाऊजींनी झडप घालून इंजिन बंद केलं.

"माझंच चुकलं," ते धापा टाकत म्हणाले. "मघाशी मी हातोडी मारली ना, त्यानेच काहीतरी बिघडलं असणार."

"तुम्ही हात लावलात की संपलंच!" ताई म्हणाली. "आता उद्याच्या पावाला काय घालू भट्टीत? दवाखान्याला काय सांगू? लाकूड फोडायला नवरा कमी पडला म्हणून सांगू?"

भाऊजींनी मान खाली घातली आणि मुकाट्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली. ते बघून मात्र मास्तरांना भयंकर लाज वाटली, ते इतके एवढेसे झाले की लपायला टेपच्या मागेही जागा पुरली असती. त्यांनी पुढे होऊन कुऱ्हाड धरली.

"ताई, भाऊजींचं काही चुकलेलं नाही. मी शाफ्टला लूजिंग धरलं."

"काय धरलं?"

"लूजिंग. शर्टाला धरतो तसं. मग कपलिंगलाही धरलं. आणि तो धूर बकरमचा आहे."

ताई एकदा भावाकडे बघत होती, एकदा नवऱ्याकडे. आणि भाऊजी हसायला लागले. कंबर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"म्हणजे माझ्या हाताने झालं नाही तर हे! अहो मास्तर, केवढं ओझं उतरवलंत!"

त्यांना राग आला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

ती रात्र निभावण्यापुरतं लाकूड मास्तरांनीच फोडलं. शिंप्याच्या तळहाताला सुईची सवय असते, कुऱ्हाडीची नसते, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. पाव वेळेवर गेला. दुसऱ्या दिवशी भाऊजी जुनं इंजिन गाडीत घालून दुकानात गेले, ते शेजारी ठेवून नेमकं तसंच निवडलं आणि दांडगं परत केलं. नव्या कपलिंगसकट हे इंजिन एका झटक्यात बसलं.

मास्तरांना तरीही चैन पडेना. भाऊजींसाठी त्यांनी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं कापड काढलं आणि शर्ट कापला. या वेळी त्यांनी जीभ दाताखाली दाबून ठेवली. टेपवर दिसेल तेच खरं. लूजिंग नावाला नाही.

भाऊजी शर्ट घालून अंगणात आले आणि कौतुकाने इंजिनाची दोरी ओढायला वाकले. हात अर्ध्यातच अडकला. पाठीवर टर्र असा आवाज झाला, एक गुंडी उडून ओंडक्यांत गेली आणि ताई दारात आली.

"आता काय झालं?"

"काही नाही गं," भाऊजी पोट आत ओढत, श्वास सांभाळत म्हणाले. "शर्ट फक्कड झालाय. माझंच अंग सुटलंय जरा..."

"माप माझं चुकलंय, ताई!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की पुढच्या बाजूला पाव घ्यायला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा आत डोकावली.