कलम चौदा आणि दुसरा कप

रोज सकाळी पावणेअकराला महाव्यवस्थापकांच्या खोलीच्या दाराखालून कॉफीचा वास बाहेर येई आणि त्याच क्षणी आस्थापना विभागातल्या कलमरावांचे पेन थांबे.

कलमराव हे त्यांचे खरे नाव नव्हते. वजनकाटे तयार करणाऱ्या त्या कंपनीची नियमावली त्यांनी एकट्याने खपून लिहिली होती. बोलतानाही ते वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी कलमाचा क्रमांक देत. कलम चौदा असे होते : कोणत्याही कर्मचाऱ्याने, मग तो कितीही वरिष्ठ असो, आपल्या खोलीत विजेवर तापणारे उपकरण ठेवू नये.

"वास आला?" त्यांनी शेजारच्या टंकलेखिकेला विचारले.

"रोजच येतो. फुकट आहे तोवर घ्यायचा."

"कलम चौदा."

"अहो, साहेब तुमचे मित्रच ना? जाऊन सांगा की तोंडावर."

'मित्र' हा शब्द कलमरावांना झोंबला. महाव्यवस्थापक आणि ते एकाच दिवशी नोकरीला लागले होते. सोळा वर्षे दोघे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले आणि उपाहारगृहातून एकच कप मागवून अर्धा अर्धा प्याले. कोणाचा अर्धा मोठा यावरून वाद होई. पण कंपनीच वजनकाट्यांची असल्याने तो लगेच मिटे. मग मित्राला बढती मिळाली, खोली मिळाली, खिडकी मिळाली. कलमरावांना टेबलाची दुसरी बाजू मिळाली. तिथे त्यांनी फायली रचल्या आणि मित्राला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. बढती त्यांनी एक वेळ पचवली असती. पण चार वर्षांत त्या खोलीतून एकदाही 'ये, घोटभर घे' असा निरोप आला नव्हता. या दुखण्याला नियमावलीत कलम नव्हते. कॉफीच्या यंत्राला होते.

"तक्रार कॉफीची आहे, की तुम्हाला न दिल्याची?" दुसऱ्या दिवशी कामावर निघताना बायकोने विचारले.

"तत्त्वाची आहे."

"मग तत्त्वाला एवढा राग कशाला? तिसऱ्यांदा बटण भलत्याच काजात घालताय."

तक्रारीचा नमुना त्यांनी स्वतःच तयार केलेला होता. रकाना पाच, 'झालेला त्रास' : वासामुळे कामात व्यत्यय. रकाना सहा, 'तक्रारदाराची अपेक्षा'. इथे मात्र ते बराच वेळ अडले. शेवटी 'योग्य ती कारवाई' असे लिहून त्यांनी कागद संचालिकाबाईंकडे नेला.

बाईंनी तो दोनदा वाचला. "तक्रार रास्त आहे. पण चौकशी कोण करणार? तुमचंच कलम एकवीस म्हणतं, चौकशी समान दर्जाच्या अधिकाऱ्यानं करावी. महाव्यवस्थापक तर एकच आहेत."

"पोटकलम दोन. योग्य व्यक्तीला सात दिवस तात्पुरता दर्जा देता येतो."

"नियमावली पाठ असलेली योग्य व्यक्ती एकच आहे."

"पण तक्रारदारानंच चौकशी..." कलमराव चाचरले.

"त्याला मनाई करणारं कलम लिहायचं राहिलंय तुमच्याकडून. आणि पोटकलम तीन, पुरावा जागेवरून हलवू नये, अधिकाऱ्यानं तो डोळ्यांसमोर ठेवावा. तेव्हा तुम्ही त्यांच्या खोलीत बसा. ते तुमच्या टेबलावर बसतील."

अशा रीतीने कलमराव खिडकीजवळ पोहोचले. खुर्ची मऊ होती. खिडकीत एका कुंडीत झाड होते, आणि ते विलक्षण तजेलदार होते. पहिला तासभर कलमराव खुर्चीतून गोल फिरून पाहत राहिले. मग बाहेरून हसण्याचा आवाज आला.

त्यांनी दार बोटभर उघडले. महाव्यवस्थापकांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या फायली कपाटावर ठेवून जागा मोकळी केली होती आणि तिथे खुर्च्या ओढून चार जण बसले होते. टंकलेखिका तर डोळे पुसत होती. आपल्या टेबलावर इतके हसू मावते हे कलमरावांना प्रथमच कळत होते. इतके दिवस त्यांना खोलीचा हेवा वाटे. आता खोलीत बसून त्यांना स्वतःच्याच टेबलाचा हेवा वाटू लागला.

"माझी कोणी आठवण काढली का?" त्यांनी शिपायाला सहज म्हणून विचारले.

शिपाई मनापासून आठवून म्हणाला, "नाही, साहेब. कोणीच नाही."

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी अहवाल लिहिताना प्रश्न आला : 'उपकरण चालू स्थितीत आहे काय?' ऐकीव माहितीवर लिहिणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी दार लावले, यंत्रात पाणी भरले आणि बटण दाबले. यंत्राने घरघर केली आणि दोन तोट्यांतून दोन कप भरले. एक त्यांनी पडताळणीसाठी घेतला. पडताळणी फारच उत्तम होती. दुसऱ्याचे काय करावे, हे कळेना.

दहा मिनिटांत शिपाई एक कागद घेऊन आला. कलम चौदाचा भंग. आरोपी : महाव्यवस्थापकांच्या खोलीत सध्या बसणारी व्यक्ती. अक्षर ओळखीचे होते. रकाना पाच : 'बाहेर बसल्यावर वास किती छळतो, हे आत बसून कळत नाही. मला चार वर्षे कळले नाही.' रकाना सहा : 'अर्धा कप.'

कलमरावांनी दार उघडले. "आत या, साहेब."

"साहेब काय रे? सध्या तू नि मी सारखेच." महाव्यवस्थापक आत येऊन पाहुण्यांच्या खुर्चीत बसले.

कलमराव एकदम उसळले. "चार वर्षांत एकदा तरी बोलवायचंस! रोज नाकासमोरून वास नेलास."

"कसा बोलावणार? कलम अठरा. वरिष्ठाचा खाण्यापिण्याचा पाहुणचार घेणाऱ्याची वेतनवाढ रोखावी. तुझीच रोखली गेली असती की."

कलमरावांनी नियमावली उघडून कलम अठराची तारीख पाहिली.

"माझ्या बढतीच्या पुढच्याच आठवड्यात लिहिलंस ते. मी म्हटलं, गड्याला आपल्याकडे यायचंच नाहीये."

ते खरे होते. त्या आठवड्यात कलमरावांना यायचे नव्हतेच. त्यानंतरच्या दोनशे आठवड्यांत यायचे होते. पण एकदा केलेले कलम मागे घेण्याची तरतूद ते लिहायला विसरले होते.

"यातून दोन कप येतात," विषय बदलत ते म्हणाले. "दुसरा कोणाला द्यायचास?"

"कोणाला देणार? कुंडीत ओतायचो. थंड करून."

कलमरावांनी त्या तजेलदार झाडाकडे पाहिले. चार वर्षे आपला कप पिऊन माजलेल्या त्या झाडाचा त्यांना इतका हेवा वाटला, की त्यांनी कुंडी उचलून खिडकीच्या पार टोकाला सरकवली. मग दुसरा कप मित्रापुढे ठेवला.

"आपल्या सारख्या दर्जाचे तीनच दिवस उरलेत," मित्र म्हणाला.

"कलम एकवीस, पोटकलम पाच," कलमराव पुटपुटले आणि त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

सायंकाळी संचालिकाबाईंच्या टेबलावर अर्ज आला. उपकरणाचे स्वरूप अत्यंत गुंतागुंतीचे असून त्याची चाचणी रोज पावणेअकरालाच घेणे आवश्यक आहे; सबब चौकशीस एक वर्ष मुदतवाढ मिळावी. खाली आरोपीची सही होती : 'माझी हरकत नाही.'

बाईंनी शिपायाला हाक मारली. "आत दोघं काय करताहेत?"

"भांडताहेत, बाई."

"कशावरून?"

"कोणाच्या कपात जास्त आली, त्यावरून," शिपाई म्हणाला. "गोदामातनं काटा मागवलाय."