शेपटीवाले काका

छापखान्यातून खोकी आली तेव्हा भिंगरी घरात नव्हती आणि आत्या होती. पुढचं सगळं एवढ्यावरूनच घडलं.

भिंगरी त्या वेळी दातांच्या दवाखान्यात काउंटरमागे बसली होती. सकाळी दवाखाना आणि दुपारनंतर कादंबरी, असं तिचं वर्षभर चाललं होतं. कादंबरी म्हणजे जादूची, चेटकिणींची, बुडालेल्या राज्यांची. प्रकाशकांना त्यात काही रस नव्हता, म्हणून ती सगळं स्वतःच करायची. लिहायची स्वतः, मुखपृष्ठ रंगवायची स्वतः, जाहिरात करायची स्वतः. पहिली दोन पुस्तकं मोबाइलवर वाचायची होती आणि ती वाचलीही बहुतेक तिनं स्वतःच. हे तिसरं मात्र कागदावर आलं होतं. संध्याकाळी ग्रंथालयात त्याचं प्रकाशन होतं आणि त्यासाठी गावाहून बाबा येणार होते.

बाबांचं रंगाचं दुकान होतं. ती घरून निघताना त्यांनी तिला सांगितलं होतं, "एक पुस्तक छापून दाखव. मग ठरवू, तू आत्याकडे राहून लिहायचं की घरी येऊन गल्ल्यावर बसायचं." ते ठरवायचा दिवस आज होता.

दुपारी छापखानेवाल्याचा फोन आला.

"ताई, खोकी पोचली. आत्याबाईंनी उतरवून घेतली. आणि एक सांगू? मी सहसा वाचत नाही हो, नुसतं छापतो. पण हे वाचलं. काका जबरदस्त उतरलेत."

"कोण काका?"

"तेच हो. शेपटीवाले."

भिंगरीच्या हातातलं पेन काउंटरवरून घरंगळत खाली गेलं. तिनं ते उचललं नाही.

तिची लिहिण्याची एक पद्धत होती. लिहिताना राक्षसाचं नाव शोधत बसलं की राक्षस पळून जातो, असा तिचा अनुभव होता. म्हणून पहिल्या खर्ड्यात ती पात्रांना नावं द्यायचीच नाही. ज्या नातेवाइकाच्या स्वभावावर पात्र बेतलंय, त्याचं नातं तिथे लिहून मोकळी व्हायची. चेटकिणीच्या जागी 'आत्या', अजगराच्या जागी 'काका', ज्याच्यामुळे साम्राज्य बुडतं त्या सम्राटाच्या जागी 'बाबा'. सगळं लिहून झालं की एक दिवस बसून भारदस्त नावं शोधायची आणि संगणकाला सांगून एका फटक्यात सगळी बदलून टाकायची. आत्याची 'घोरवंती' व्हायची, काकांचा 'अग्निपुच्छ' व्हायचा आणि घराण्याची अब्रू शाबूत राहायची.

या वेळीही तिनं नावं बदलली होती. पण गेल्या आठवड्यात छापखानेवाला म्हणाला होता, "अक्षरं फुटतायत, फाइल परत पाठवा." तेव्हा काउंटरसमोर एक गृहस्थ सुजलेला गाल धरून विव्हळत होते. भिंगरीनं एका हातानं त्यांना पाणी दिलं आणि दुसऱ्या हातानं फाइल पाठवली. कुठली पाठवली, ते आता कळलं.

तिनं आत्याला फोन लावला.

"आत्या, खोकी उघडू नकोस!"

"उघडली कधीच. ग्रंथालयात पोचवलीसुद्धा."

"वाचलंस का काही?"

"मला वेळ कुठाय? आणि हे बघ, कार्यक्रम मी बदललाय. भाषणं नकोत, लोक झोपतात. घरच्यांनी एकेक पान मोठ्यानं वाचायचं. मी, तुझे काका आणि शेवटी तुझे बाबा. पानांत खुणा घालून ठेवल्यात."

"अगं पण मीच वाचते ना!"

"तू काय, जन्मभर वाचणारच आहेस. आवाज का असा येतोय तुझा? जीभ बघायला पाहिजे तुझी. संध्याकाळी दाखव."

आत्या मोठ्या इस्पितळात हेडनर्स होती. निवृत्त झाली तरी वॉर्ड काही सुटला नव्हता. भिंगरीला लिहायला मागची खोली तिनंच दिली होती. "पोरीला लिहू दे, दुकान कुठे पळून जातंय?" असं घरात बजावून सांगणारीही ती एकटीच होती. आणि त्याच आत्याला भिंगरीनं लहान मुलांचे दगड करणारी चेटकीण केलं होतं. छापील. जाड कागदावर.

भिंगरी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसली. खुर्चीत पेशंट तोंड उघडून पडला होता.

"मॅडम, मला आत्ता जायला लागेल. घरात संकट आलंय."

"कोणाला काय झालं?"

"अजून काही नाही. संध्याकाळी होईल."

पेशंटनं तोंड उघडं ठेवूनच तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई 'अगं' म्हणेपर्यंत ती जिन्यात होती.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक पुस्तक ठेवलेलं होतं. भिंगरीनं एक उचललं आणि मधूनच उघडलं. 'आत्याची नखं चंद्रप्रकाशात चमकली.' तिनं ते मिटलं आणि पुढच्या रांगेपासून पुस्तकं गोळा करायला सुरुवात केली. दोन रांगा झाल्यावर मागे वळून पाहिलं, तर पहिल्या रांगेत पुन्हा पुस्तकं होती. ग्रंथपाल काखेत गठ्ठा घेऊन शांतपणे तिच्या मागून येत होते.

"राहू द्या हो, लेखिकेनं कशाला कष्ट घ्यायचे? मी करतो."

"काका, पुस्तकं उचलायची आहेत." 'काका' हा शब्द तोंडातून बाहेर पडताच तिच्या अंगावर काटा आला. "म्हणजे, सर. छपाई बिघडलीय. शाई हाताला लागतेय. लोकांचे कपडे खराब होतील."

"कुठे लागतेय?" दारातून आवाज आला.

बाबा आले होते. त्यांच्यामागे काका होते आणि काकांच्या मागे आत्या, इस्त्रीच्या साडीत, हातात कार्यक्रमाचा कागद घेऊन. बाबांनी भिंगरीच्या हातातलं पुस्तक घेतलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि पान खसाखसा घासलं. मग अंगठा उजेडात धरला.

"पक्की आहे शाई. वीस वर्षं हलायची नाही." आयुष्य रंगात गेलेला माणूस तो. "चांगलं काम केलंय छापखान्यानं."

"पण बाबा, आतला मजकूर अजून कच्चा आहे. आज नुसता चहा घेऊ. पुस्तक नंतर."

बाबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे छापूनही झालं नाही म्हणायचं का? मग आपलं काय ठरलं होतं?"

"नाही नाही, झालंय. पूर्ण झालंय," भिंगरी घाईनं म्हणाली. हातातला गठ्ठा तिनं स्वतःच खुर्च्यांवर ठेवायला सुरुवात केली.

लोक जमले. निम्मे आत्याचे जुने पेशंट होते. आत्यानं बोलावल्यावर न येण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. भिंगरीनं शेवटचा प्रयत्न म्हणून दिव्याच्या बटणाकडे सरकून पाहिलं. आत्या म्हणाली, "इथे बस, माझ्या डोळ्यांसमोर." मग आत्यानं चष्मा लावला, खुणेचं पान उघडलं आणि वॉर्डचा रिपोर्ट वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचायला लागली.

"'दिवेलागणीला आत्या महालातून फिरू लागली. माणसं बसलेल्या दालनांतलेही दिवे ती फुंकर मारून विझवत गेली, कारण तेल वाया गेलेलं तिला खपत नसे.'"

आत्या थांबली. भिंगरीनं खुर्चीची कड धरली. आत्यानं चष्मा नाकावर नीट बसवला आणि पुढे वाचू लागली. आता आवाज जरा हळू झाला होता.

"'मग आत्यानं मुलांना रांगेत उभं केलं. जीभ दाखव, आत्या म्हणाली. ज्याची जीभ पांढरी निघाली, त्याचा जागच्या जागी दगड झाला. आत्यानं एकेक दगड उलटून पालटून पाहिला आणि कान स्वच्छ आहेत का तेही तपासलं.'"

आत्यानं पुस्तक खाली घेतलं. चष्मा काढला. तिचा चेहरा लाल झाला होता. भिंगरीच्या डोळ्यांसमोर मागची खोली आली, तिच्यातलं टेबल रिकामं झालं, आणि ती गल्ल्यावर बसून कोणाला तरी पिवळा डिस्टेंपर दाखवू लागली.

"अरे," आत्या बाबांकडे आणि काकांकडे वळून म्हणाली, "ही तर आपली आत्या!"

"कोण?" काका म्हणाले.

"अरे आपली! आपल्या बाबांची थोरली बहीण. आपल्याला रांगेत उभं करून एरंडेल पाजायची ती! तू कपाटावर चढून बसायचास. दिवे नाही का विझवत फिरायची? बापरे, काय बाई होती! मी तर इस्पितळात शिरले तेव्हाच ठरवलं होतं, काही झालं तरी हिच्यासारखं वागायचं नाही." तिनं भिंगरीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, हसण्याचं. "तू जन्मायच्या आधीच गेली गं ती. तरी कशी कानांसकट उतरवलीस?"

भिंगरीनं धरून ठेवलेली खुर्चीची कड सोडली.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या बाई उठून म्हणाल्या, "माफ करा, पण ही आमची आत्या आहे. आमचीही कान बघायची." मागून एक गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमची आत्या निदान बघून सोडून द्यायची. आमची धुवायची." वाचनकक्षात गलका झाला. ग्रंथपालांनी शांततेची पाटी दाखवली आणि मग पाटी खाली ठेवून स्वतःच्या आत्याबद्दल शेजारच्याला सांगू लागले.

काका पुढे झाले. पंचवीस वर्षं बस चालवलेला माणूस. आवाज असा की शेवटच्या सीटपर्यंत जावा.

"'काकांनी शेपटी आपटली आणि बंदिवानांना तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. बंदिवान म्हणाले, महाराज, ही ऐकलीय. काका म्हणाले, मधला भाग राहिला होता. तेव्हा बंदिवानांनी हात जोडून मृत्यू मागितला.'" काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आमचे काका! डिट्टो! दादा, आठवतंय ना, विहिरीत पडलेल्या म्हशीची गोष्ट? कितीदा ऐकली आपण! समोरच्याला किती छळतोय, याचं माणसाला भान नसतं बघ. त्यावरून आठवलं. मंडळी, मी एकदा ब्रेक गेलेली बस घाटातून खाली आणली होती—"

"काका, वेळ झाली," भिंगरी म्हणाली.

"दोन मिनिटं. मधला भाग तू ऐकलेला नाहीस."

बस घाटातून खाली यायला बराच वेळ लागला. मग बाबा उठले. आत्यानं काही म्हटलं तरी निर्णय बाबांचा होता, आणि बाबांच्या पानावर सम्राट होता.

बाबा सावकाश वाचत होते. "'शत्रू वेशीशी आला. सेनापती म्हणाला, दार लावू का? बाबा म्हणाले, लावायला हरकत नाही, पण लावलं तर उघडायचं कोणी, हेही बघायला हवं. सल्लागारांना बोलवा. सल्लागार आले. मागोमाग शत्रूही आला. त्यालाही बसायला सांगण्यात आलं.'"

लोक हसत होते. बाबा हसले नाहीत. त्यांनी पान पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. पुस्तक मिटलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमचे बाबा असेच होते. शेती ठेवू की विकू, विकू की ठेवू, असं करता करता दोन्ही हातचं गेलं. मी लहान होतो, पण ठरवलं होतं. आपण असं व्हायचं नाही. जे काय असेल ते एका झटक्यात."

आत्या आणि काका एकाच वेळी खोकले.

"बाबा," भिंगरी म्हणाली. आता लांबवण्यात अर्थ नव्हता. "मग माझं काय? इथे राहू की दुकानात येऊ?"

सगळा कक्ष बाबांकडे पाहू लागला. बाबांनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली.

"आता तसं बघितलं तर पुस्तक झालंय. पण एका पुस्तकावर कसं सांगणार? तिकडे दुकानालाही माणूस हवंच आहे. पण तू आलीस तर दुकानातल्या पोऱ्याचं काय करायचं, तेही बघायला हवं. तुझ्या आईशी बोलतो. काकांचंही मत घेतो. घाई कशाला? तोवर लिही तू. पुढचं झालं की ठरवू."

"पुढचं कधीही होऊ दे," आत्या पटकन म्हणाली. "घाई नाही."

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. डोक्यावरचं मोठं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

खोक्यांत एकही पुस्तक उरलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी तर भावंडांना वाटायला गठ्ठाच नेला. बाबा आणि काका चहा प्यायला बाहेर गेले. भिंगरी खुर्च्यांना खुर्च्या लावत होती आणि समोरून आत्या लावत येत होती. दोघी मधे भेटल्या आणि आत्या हातातली खुर्ची उगीच पुसत राहिली.

"काय झालं, आत्या?"

"काही नाही. छान झालं सगळं." ती आणखी थोडा वेळ खुर्ची पुसत होती. "एक विचारू? वर्षभर माझ्या घरात बसून लिहिलंस. माझी आत्या आली, काका आले, बाबा आले. त्या तिसऱ्या रांगेतलीची आत्यासुद्धा आली. मी तेवढी कुठे नाही."

भिंगरीला घाम फुटला. दुपारपासून फुटला नव्हता इतका. "आत्या, तुझ्यावर लिहायचं म्हणजे... माझी हिंमतच झाली नाही."

"त्यात हिंमत कसली? मी काय खाते का कोणाला?" आत्या दुखावल्या आवाजात म्हणाली. मग जरा जवळ सरकली. "पुढच्या पुस्तकात घे मला. जशी आहे तशी. एखादी वनदेवी वगैरे, जिला कोणी घाबरत नाही. आणि हे बघ, नुसतं 'आत्या' लिहू नकोस. माझं खरं नाव घाल, आडनावासकट. नाहीतर मेलं प्रत्येकाला आपापली आत्या आठवते."